जुन्या मापाची कवळी

"हास बघू," कवळीवाल्याने बायकोला फर्मावलं.

बाईचा हात तोंडाकडे गेला. सवयच तशी. पोरगी पाऊल टाकायला शिकली त्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्यात हिचे सगळे दात गेले, आणि तेव्हापासून हसू यायच्या आधी हात यायचा.

"अगं, हात काढ! झाकायला काही उरलंय का आता?"

आरशात दोन रांगा लखलखत होत्या. अर्ध्या शहराच्या तोंडात ज्याने दात बसवले, त्याच्याच घरात एक बाई इतकी वर्षं घास हिरड्यांनी चिरडत होती. तिचं माप त्याने तेव्हाच घेतलं होतं, प्लास्टरचा साचाही केला होता. पण गिऱ्हाईक आलं की तिचा साचा फळीवर मागे सरकायचा. "तुझं काय, घरचंच आहे," हे त्याचं वाक्य आता तिलाच जास्त पाठ झालं होतं.

शेवटी पोरीने हट्ट धरला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिचं टेबल होतं. "आई, तू माझ्यासोबत फोटोत दात काढून हसायचंस! मी तुझं तसं हसणं बघितलेलंच नाहीये."

"खालची हलतेय हो," बाई म्हणाली.

"नवीन आहे. सवयीने बसेल."

शाळेत पोरगी टेबलामागे नुसती उसळत होती. समोर मधाचं रिकामं पोळं, फुप्फुसाचं चित्र आणि बापाच्या दुकानातून आणलेला प्लास्टरचा जबडा.

"शब्द एकच, अल्व्हिओलस! म्हणजे छोटीशी पोकळी. पोळ्यातलं एकेक घर, ते अल्व्हिओलस. फुप्फुसात हवा भरते ती इवलीशी पिशवी, तीही अल्व्हिओलस. आणि दात ज्यात रोवलेला असतो तो खळगा, तोसुद्धा! पोळ्यासारखं जाळीदार काही दिसलं की शास्त्रज्ञ त्याला म्हणतात अल्व्हिओलेट."

"आणि घरातलं कुणी निघून गेलं तर?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"माश्या गेल्या तरी पोळं तसंच राहतं, बाई. जबडा मात्र महाकंजूष! दात गेला की रिकामं घर ठेवतच नाही. हाड झिजत जातं, झिजत जातं, शेवटी सपाट मैदान. म्हणून कवळी करताना नवं माप घ्यावंच लागतं. माझ्या बाबांनीच शिकवलंय!"

टेबलाशी उभ्या आईने मान वळवली. कवळीवाला शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीची माहिती फार मन लावून वाचू लागला होता.

"माझं नवं माप कधी घेतलंत?" तिने हळूच विचारलं.

"साचा होताच की फळीवर. चांगला होता."

"गिऱ्हाईकाला दिली असती अशी?"

ज्वालामुखीची माहिती संपता संपेना.

"आई, फोटो!" पोरीने तिच्या गळ्यात हात टाकला. कॅमेरा समोर आला. बाईने ओठ उघडले, कधी नव्हे ते मनमोकळे, आणि खालची कवळी सुटून टेबलावर पडली, अगदी पोळ्याच्या कुशीत. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. फोटो निघाला तोवर आईचा हात तोंडावर पोचला होता. पोरीने कवळी उचलली, फ्रॉकला पुसली आणि आईच्या मुठीत दिली.

घरी आल्या आल्या कवळीवाल्याने दुकानातला दिवा लावला. "बस इथे. आत्ताच माप घेतो."

ती बसली. तोंड उघडलं. त्याने मापाची पेस्ट कालवायला घेतली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आहात का? माझी वरची कवळी तडकली हो, उद्या पाहुणे यायचेत!"

त्याचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जा," ती म्हणाली. "माझं काय, घरचंच आहे."

तो गेला.

ती उठली. फळीवरून तिने आपला जुना साचा खाली घेतला आणि फुंकर मारून धूळ उडवली. तेव्हाची तिची हिरडी, उंच, भरदार. तिने खालची कवळी त्यावर ठेवली. चट्दिशी बसली. साचा उलटा करून तिने झटकून पाहिला, कवळी जागची हलली नाही.

मग तिने साचा फळीवर सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि दिवा तसाच ठेवून आत गेली.