नानांच्या खुर्चीच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला लगेच खाऊ आठवला असेल, पण माझ्या पोटात खाऊ कधीच नव्हता. मी गाडीच्या डिकीत बसणारा सबवूफरचा लाकडी डबा. गाण्यातले जे सूर कानांपेक्षा पाठीला आणि पोटाला जास्त कळतात, ते घुमवणे हे माझे काम. सध्या मी एका दुकानाच्या मागच्या खोलीत पडून आहे. डोक्यावर रंगाची डबडी आहेत आणि तोंडात कुणीतरी जुन्या वायरींची भेंडोळी कोंबली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सलते ते वेगळेच आहे, आणि आज ते कुणाला तरी सांगावे असे वाटते.

माझा जन्म याच दुकानात झाला. दुकान इंचकाकांचे. त्यांचे खरे नाव पाटीवर लिहिलेले होते, पण तिकडे कोण बघतो? डिकीत बोटभर जागा वाया गेली तरी त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नसे, म्हणून सगळे त्यांना इंचकाका म्हणत. मोजायच्या टेपशिवाय त्यांचा खिसा मी कधी पाहिला नाही. बायकोने नवी चप्पल आणली तरी आधी टेप लावतील, असे शेजारचा टायरवाला म्हणायचा.

सबवूफरचे डबे दोन प्रकारचे असतात. एक चहूबाजूंनी बंद. तो लहान असला तरी भागते, पण फार खालचा सूर त्याला झेपत नाही. दुसरा तोंड असलेला. त्याच्या पोटातून एक चपटे, लांब भुयार बाहेर येते, त्याला पोर्ट म्हणतात. स्पीकर मागच्या बाजूला हवा ढकलतो, ती या भुयारातून आत-बाहेर करते आणि खालच्या सुराला जोर चढतो. पोट मोठे आणि भुयार लांब असेल तर सूर खोल जातो. थोडक्यात, सूर जितका खोल हवा तितकी डिकीतली जागा सोडावी लागते. मी या दुसऱ्या प्रकारचा, आणि तोही चांगला ऐसपैस.

मला बनवायला सांगितले ते एका मुलाने, आपल्या वडिलांसाठी. मुलगा म्हणजे तसा बाप्याच, त्याला शाळेत जाणारी लेक होती. त्याच्या वडिलांना घरात सगळे नाना म्हणत. नानांचा उभा जन्म पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या शेडमध्ये गेला होता. त्या दणदणाटाने त्यांच्या कानांतले बारीक आवाज आधी नेले. पाखरे गेली, फोनची घंटा गेली, मग बायकोचे आणि नातीचे बोलणे गेले. जाडेभरडे आवाज तेवढे उरले. पुढे पायांनीही साथ सोडली आणि घरात चाकांची खुर्ची आली. नाना गप्प झाले. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलायचा लोकांना कंटाळा येतो, आणि त्याला तो कंटाळा दिसतो.

एकदा कुणा मित्राच्या गाडीत गाणे जोरात लागले होते. नानांनी दारावर तळहात ठेवला आणि विचारले, "कोणतं गाणं आहे रे?" कित्येक वर्षांत त्यांनी असे काही विचारले नव्हते. मुलगा दुसऱ्याच दिवशी नानांना घेऊन इंचकाकांच्या दारात हजर झाला.

"काका, खालचा सूर पाहिजे. अगदी सीटमधून अंगात शिरला पाहिजे. जागा लागेल तेवढी घ्या."

असे गिऱ्हाईक मिळाल्यावर इंचकाकांना आणखी काय हवे? ते डिकीत अक्षरशः लोळले. दोन्ही बाजूंना चाकांवरचे फुगवटे मोजले, सीटच्या पाठीचा उतार मोजला, डिकीचे दार बंद होताना किती आत येते तेही पाहिले. पुठ्ठा कापून फुगवट्याचा साचा केला. मग हिशेबाला बसले. त्यांची रीत अशी की आधी सगळी जागा धरायची आणि मग एकेक वजा करत जायचे. स्पीकरचा मागचा भाग आत येतो, तो वजा. भुयार जागा खाते, ते वजा. आतून आधाराला पट्ट्या लागतात, त्या वजा. या वजाबाकीत ते कधी चुकत नसत.

"डिकीत एरवी काय काय असतं हो?" त्यांनी विचारले.

"स्टेपनी खाली आहे. जॅक, एक छत्री. बाकी काही नाही," मुलगा म्हणाला.

आणि तो खोटे बोलत नव्हता. नाना तेव्हा दुकानाच्या सावलीत चहा पीत बसले होते. ज्या खुर्चीत ते बसले होते, ती खुर्ची एरवी त्याच डिकीत असायची. पण मुलाच्या लेखी ती सामान नव्हतीच. ती खुर्ची म्हणजे नाना. इंचकाकांनी तर ती नानांशिवाय कधी पाहिलीच नव्हती. म्हणून एवढ्या काटेकोर वजाबाकीत तेवढी एक खुर्ची राहून गेली. नानांना काय चालले आहे ते ऐकू येत नव्हते. डिकीची चटई बदलत असतील, असे त्यांना वाटले.

मग मी घडू लागलो. जाड फळ्या कापल्या, सांध्यांना गोंद भरला, स्क्रू पिळले. सीटच्या उताराला टेकेल अशी माझी पाठ तिरपी झाली, फुगवट्यांना बिलगतील असे माझ्या दोन्ही कुशींचे भाग कोरले गेले. भुयाराच्या तोंडाच्या कडा इंचकाकांनी कानशीने घासून गोल केल्या, नाहीतर हवा तिथे फसफसते. तोंडासमोर वीतभर मोकळी जागा सोडली, कारण नाक दाबल्यावर माणसाचा जसा जीव गुदमरतो तसे आमचेही होते. वरून काळे कापड चढले. डिकीत मला बसवले तेव्हा माझ्या कडेने पोस्टकार्डसुद्धा सरकले नसते. इंचकाका दोन पावले मागे सरून बघत राहिले. मीही फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

नानांना पुढच्या सीटवर बसवले आणि गाणे लावले. मी पहिला श्वास घेतला. नानांचे दोन्ही हात मांड्यांवर होते. थोड्या वेळाने उजव्या हाताची बोटे हलू लागली, ठेक्यावर, अगदी अचूक.

"येतंय रे," नाना म्हणाले. "ऐकू येतंय."

 इंचकाकांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा क्षण होता, आणि तो चहा संपेपर्यंतच टिकला.

निघताना मुलाने खुर्चीची घडी घातली आणि डिकी उघडली. आत मी होतो. या चाकापासून त्या चाकापर्यंत, सीटपासून दारापर्यंत, सगळीकडे मीच. मुलगा खुर्ची हातात धरून उभा राहिला. इंचकाकांचा हात सवयीने टेपकडे गेला आणि तसाच परत आला.

त्या दिवशी खुर्ची मागच्या सीटवर आडवी घालून नेली. पण नानांची बायको, सून आणि नात निघाल्या की मागची सीट भरायची. एकदा खुर्ची टपावर दोरीने बांधून पाहिली. आपली खुर्ची वर पालथी घातलेली बघून नाना एवढेच म्हणाले, "काढा ती." मुलाने मला काढायचा विषय काढला तेव्हा मात्र नानांनी त्याला उडवून लावले. "कशाला? मी गाडीतच बसतो. मला करमतं तिथं." पोराने एवढ्या हौसेने केलेले मोडायचे कसे, हे नानांच्या मनात. नानांना एवढे आवडलेले काढून घ्यायचे कसे, हे मुलाच्या मनात. दोघे एकमेकांना जपत राहिले आणि मी होतो तिथेच राहिलो.

मग तसेच सुरू झाले. लग्न असो, बाजार असो, कुणाचे बारसे असो, सगळे उतरत आणि नाना गाडीत थांबत. मुलगा गाणे लावून जायचा. सुरुवातीला त्यांची बोटे चालत. पुढे पुढे ते काचेतून आत जाणारी माणसे बघत बसत. कुणी ओळखीचे काचेशी येऊन हात हलवायचे, नाना हात हलवायचे, झाले. मी जीव तोडून घुमायचो. पण माणसाला माणसांत जायचे असेल तर डब्याने कितीही घुमून काय होते? गाड्यांचे शौकीन मात्र माझ्यावर खूष होते. डिकी उघडून माझे फोटो काढत, इंचकाका गिऱ्हाइकांना मला दाखवायला बोलावत. माझे कौतुक चालले असताना नाना पुढे पाठमोरे बसलेले असत.

नानांना एक थोरली बहीण होती, आक्का. ती दुसऱ्या गावी राहायची. तिचा आवाज जाड, घोगरा, दारातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला पोहोचेल असा. नानांच्या कानांत आता कुणाचाच आवाज ओरडल्याशिवाय शिरत नव्हता, एक आक्काचा सोडून. फोनवर नव्हे, पण समोर बसून ती बोलली की त्यांना शब्द न् शब्द कळे. ती आजारी असल्याचे समजले आणि सगळे निघाले. सगळे म्हणजे गाडी भरून. खुर्ची घरी.

आक्काचे घर एका अरुंद बोळात होते. गाडी बोळाच्या तोंडाशीच थांबली.

"नाना, मी उचलून नेतो तुम्हाला," मुलगा त्यांच्या कानाशी ओरडला.

"पोतं आहे का मी?" नाना म्हणाले. "भर रस्त्यातून? तिच्यासमोर? तुम्ही जाऊन या."

मुलाने गाणे लावले. नानांनी हात पुढे करून ते बंद केले. असे त्यांनी पहिल्यांदाच केले. मग ते बोळाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या पाठीमागे मी, मुका.

गाडी परत निघाली. वाटेत मागच्या सीटवरून सून म्हणाली, "आक्का सारखं विचारत होत्या, भाऊ आला नाही का? रागावलाय का माझ्यावर? काय सांगायचं मी त्यांना? डब्याला जागा लागते म्हणून?"

नाना पुढेच बसले होते, पण तिचा आवाज त्यांच्या कानांत शिरणारा नव्हता. मुलाने मात्र ते पुरते ऐकले. मीही ऐकले.

दुसऱ्या दिवशी गाडी इंचकाकांच्या दारात. मुलाने आक्काकडे घडलेले सगळे त्यांना सांगितले. "काका, याला कापून लहान करा."

"कापून काय होणार, दादा? भुयार तोडलं की खालचा सूर गेला. मग हा नुसता भोंगा राहील." इंचकाका माझ्यावर हात फिरवत होते. "काढतोच मी याला. बंद डबा करतो, फुगवट्याच्या मागच्या कोपऱ्यात बसेल एवढा. पण नानांना तो किती लागेल, ते नाही सांगता येत."

"काढा," मुलगा म्हणाला.

या वेळी इंचकाकांनी आधी खुर्ची डिकीत ठेवली आणि मगच टेप उघडली. मला बोल्ट सोडून बाहेर काढले आणि मागच्या खोलीत आणून टेकवले. नवा डबा व्हायला काही दिवस लागले. आक्काकडे या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ असे होत राहिले.

त्यानंतर नानांना मी एकदाच पाहिले. नव्या डब्याची वायर ढिली झाली होती म्हणून गाडी दुकानात आली होती. नाना खुर्चीची चाके हाताने फिरवत थेट आत आले. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे ते मोठ्याने बोलत होते.

"काका, नवा डबा चांगला आहे हो. मला काही कळत नाही त्यातलं, पण चांगला आहे."

इंचकाकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "आक्का कशा आहेत?"

"जाऊन आलो. खुर्ची पार तिच्या पलंगापाशी गेली. पण तिची वाचा गेलीय आता. मला ऐकू येत नाही, तिला बोलता येत नाही. बरी जोडी जमली." नाना हसले.  मग हलक्या आवाजात म्हणाले, "मागच्या खेपेला बोलत होती."

मुलगा दारात उभा होता. तो वळून गाडीकडे गेला आणि उगाच काच पुसू लागला.

मित्रांनो, मला बनवणारा कारागीर चांगला होता आणि मला बनवून घेणारा मुलगा वडिलांवर जीव टाकणारा होता. माझ्या एकाही सांध्यात फट नव्हती. तरी माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचे बहिणीशी शेवटचे बोलणे राहून गेले. मला डिकीत बसवताना नानांना कुणी विचारले नव्हते, आणि काढतानाही विचारले नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. आपल्या माणसासाठी हौसेने काही करायला निघालात तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि त्याला काय हवे ते विचारा. त्याला ऐकू गेले नाही तर पुन्हा विचारा, मोठ्याने विचारा. विचारायचा कंटाळा करू नका.