चारुदत्तला कोणी सांगायचं?

मंगळवारी सकाळी प्राची औषधांच्या डब्या भरत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. चारुदत्तचा धाकटा भाऊ विश्वजीत बोलत होता.

"आई पहाटे गेली," तो म्हणाला. प्राचीने हातातली डबी खाली ठेवली. तोच पुढे म्हणाला, "दादाला काही सांगू नका. त्याला कळायचं नाही, उगाच गोंधळ घालेल. आई गावाला गेलीय म्हणा."

"बरं," प्राची म्हणाली. त्या क्षणी तिलाही तेच शहाणपणाचं वाटलं.

नवीन पनवेलच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून हे घर केलेलं होतं. जन्मापासून बुद्धीची वाढ मंद असलेली पाच मोठी माणसं तिथे राहत. कुणाला बोलायला वेळ लागे, कुणाला घड्याळ समजत नसे. पण आपापलं अंथरूण घालणं, भाजी निवडणं, जवळच्या कार्यशाळेत जाऊन कागदी पिशव्या करणं हे सगळं ती करत. प्राची चार वर्षं या घराची व्यवस्था बघत होती. कामाला चोख आणि जीव लावणारी. पाचही जणांना ती कौतुकाने 'माझी मुलं' म्हणायची. चारुदत्त पंचेचाळीसचा होता आणि ती स्वतः एकतीसची, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

चारुदत्तची आई सुनंदाबाई दर रविवारी खारघरहून, बेलपाड्याच्या त्यांच्या घरून यायच्या. त्या दिवशी तो स्वतः दाढी करी, इस्त्रीचा शर्ट घाली आणि दहा वाजल्यापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसे. या रविवारीही तो बसला. बारा वाजले, एक वाजला.

"आई?" त्याने विचारलं.

"गावाला गेलीय रे. येईल हं. आता शहाण्या मुलासारखा जेवून घे बघू."

चारुदत्त जेवला नाही. सोमवारी तो कार्यशाळेत गेला नाही. मंगळवारी त्याने दाढीचं सामान उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्राचीने त्याला आवडतात म्हणून घावन करायला सांगितले, टीव्ही लावून दिला. त्याने मान वळवली नाही.

बुधवारी दुपारी स्वयंपाक करणाऱ्या चंद्रावतीमावशींनी ताट तसंच परत आलेलं पाहिलं. मावशी उरणजवळच्या जासईच्या. बोलणं मोजकं, पण आडपडदा नाही.

"प्राचीताई, किती दिस खोटं बोलशील त्याच्याशी?"

"मावशी, त्याला मरण म्हणजे काय ते कळत नाही हो. उगाच कशाला दुःख द्यायचं?"

"दुःख त्याला झालंच हाय. फक्त कशाचं, ते त्याला ठावं नाय." मावशींनी हात पुसले. "माझा बा गेला तवा मी सात वर्सांची. घरचे बोलले, बा मिठागरावर गेलाय. मी रोज बांधावर जाऊन बसायची. चार महिने! मग शेजारच्या पोरीने सांगितलं. बा गेल्याचं रडू आलंच, पण समद्यांनी मला फसवलं, याचा राग अजून जात नाय. मी तर पोर व्हते. ह्यो पंचेचाळीस वर्सांचा बाप्या हाय. थोरला लेक हाय त्यो तिचा. त्याची आई गेली, आन् त्यालाच ठावं नाय?"

प्राचीच्या मनात आलं, तिची स्वतःची आई गेली आणि ती बातमी दुसऱ्याच कुणी तिच्यापासून लपवून ठेवली तर? ती ते सहन करील? मग चारुदत्तने का करावं?

ती त्याच्या खोलीत गेली, पलंगाशेजारी बसली. गोड बोलण्यात लपेटायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"चारुदत्त, मी तुझ्याशी खोटं बोलले. आई गावाला गेलेली नाही. आई वारली. तिचं हृदय बंद पडलं. आता ती परत येणार नाही."

 तो हळूहळू उठून बसला.

"चष्मा... मी मोडला. आई रागावली नाही?"

प्राचीला एकदम आठवलं. शेवटच्या रविवारी त्याच्या पायाखाली आईचा चष्मा आला होता, आणि सुनंदाबाई त्यावर मनापासून हसल्या होत्या. म्हणजे इतके दिवस हा काय समजून बसला होता! आपल्यामुळे आई यायची बंद झाली! आपण त्याला दुःखापासून वाचवत होतो की दोषाच्या ओझ्याखाली ढकलत होतो?

"नाही रे, नाही! आई तुझ्यावर मुळीच रागावली नव्हती."

मग चारुदत्त रडला. मोठ्याने, अंग हलवून रडला. प्राची त्याचा हात धरून बसली. संध्याकाळी त्याने मावशींकडे स्वतःहून भात मागितला.

प्राचीने विश्वजीतला फोन करून चारुदत्तला सगळं सांगितल्याचं आणि त्याला तेराव्याला घेऊन येणार असल्याचं कळवलं. तो चिडला. "रविवारी तेरावं आहे, घरात शंभर माणसं असतील. त्याने आरडाओरडा केला तर?"

"केला तर मी त्याला बाहेर घेऊन जाईन," ती शांतपणे म्हणाली. "पण त्याने यायचं की नाही, हे आपण दोघांनी नाही ठरवायचं. मी त्याला विचारलंय. तो येतोय."

रविवारी नव्या सामानाने दाढी करून, पांढरा सदरा घालून चारुदत्त प्राची आणि मावशींबरोबर बेलपाड्याला गेला. दारातच कुणीतरी कुजबुजलं, "याला कशाला आणलं?" त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आईच्या फोटोला त्याने फूल वाहिलं, वाकून नमस्कार केला. मग गर्दीत भाऊ शोधला. तेरा दिवस निरोप, भटजी, पाहुणे यांत विश्वजीत एकदाही रडला नव्हता. चारुदत्त त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "विशू, आई गेली. रड. मी आहे."

आणि तो कामावर पन्नास माणसांना हुकूम सोडणारा विश्वजीत दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला! कुजबुज थांबली.

परतताना रिक्षात प्राची मावशींना म्हणाली, "मावशी, आजपासून 'माझी मुलं' म्हणणं बंद. ही माणसं आहेत, मोठी माणसं."

आपल्या ओळखीत, नात्यात, शेजारच्या दारामागे असा एखादा चारुदत्त असेल. त्याला कळत नाही, हे आपण किती सहज ठरवून टाकतो! समज कमी असली म्हणून माया कमी नसते आणि दुःखही कमी नसतं. त्याच्या आयुष्यात जे घडतं ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगणं, हे आपलं उपकाराचं काम नाही. तो त्याचा हक्क आहे.