अंधारातलं माप

ॲलॉयशियस प्यायला नव्हता. हे मी, त्याची बायको, माझगावभर सांगून थकले. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत तो क्रेन चालवायचा. खाली आनंदा बॅटरी घेऊन उभा असायचा. त्याने बॅटरी हलवली की ओंडके खाली सोडायचे, स्थिर धरली की थांबायचं. त्या रात्री ओंडके आनंदाच्याच अंगावर आले आणि तो गेला. क्रेनवाला किरिस्ताव, म्हणजे ढोसलेलाच असणार. लोकांना आणखी काय पुरावा लागतो? आनंदाच्या बायकोने, रमाबाईने तर माझ्या तोंडावर दार लावलं.

अपघाताच्या काही महिने आधी ॲलॉयशियसने चष्मा घालवायला डोळ्यांवर लेझर करून घेतलं होतं. रात्री दिवे फुटल्यासारखे दिसतात, असं तो आता सांगू लागला. लेझर करणाऱ्या डॉक्टरांनी ट्यूबलाइटच्या उजेडात मशीनवर डोळे मोजले आणि नजर अगदी स्वच्छ ठरवली. वखारीच्या मालकाचं तर फावलंच, सगळा दोष दारूवर ढकलता आला. मग मीच हट्टाने त्याला गिरगावात नूपुर वैद्य नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी खोलीत मिट्ट अंधार केला, आम्हाला बराच वेळ तसंच बसवलं आणि मग मोजलं. पडद्यावरचं चित्र मलासुद्धा कळलं. मधे गुळगुळीत, कडेला नुसता गोंधळ. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते, प्रकाश मधल्या भागातूनच जातो, म्हणून माप चांगलं येतं, असं त्या म्हणाल्या. अंधारात ती मोठी होते, आणि याची तर जरा जास्तच. लेझर त्या कडेपर्यंत पोचलंच नव्हतं. तिथून आत येणारा प्रकाश वेडावाकडा पसरत होता.

"म्हणजे त्या डॉक्टरांचं माप खोटं?" मी विचारलं.

"खोटं नाही. उजेडातलं आहे. अपघात अंधारात झाला."

मला हायसं वाटून रडू कोसळलं. जिना उतरतानाच मी म्हटलं, असंच लालबागला जाऊ, रमाबाईला सांगू. मग बघते कोण दारुडा म्हणतं ते.

ॲलॉयशियस पायरीवर बसला.

"नको जाऊ, ज्युडी. बॅटरी हलतेय की थांबलीय, मला कळतच नव्हतं. बरेच दिवस. ती हलतेय असंच मी धरून चालायचो. रोज बरोबर निघायचं."

प्यायला असता तर परवडलं असतं, इतका मला त्याचा संताप आला. मी त्याला दंडाला धरून उठवलं. लालबागला जायचंच होतं. फक्त आता बोलायचं त्याने होतं.