जवारी भोपळा

बेलूरच्या कारखान्यात आनंदाचं काम खडखड शोधायचं होतं. तयार पंप पट्ट्यावरून यायचे, आनंदा कान लावायचा, आणि ज्यातून जराही झणझण किंवा कुरकुर ऐकू येईल तो परत पाठवायचा. अशा कामातून माणूस निवृत्त होतो, कान होत नाहीत. धारवाडच्या मळमड्डीतल्या घरी बसल्या बसल्या त्याने फ्रीज, पंखा, नळ आणि शेजारच्या सरस्वतीअक्कांची स्कूटर यांना नापास करून टाकलं. यांपैकी कुणीही सुधारलं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र तो तोंड उघडत नव्हता. घरातलं गाणं बंद झालं होतं.

लीला, त्याची बायको, गाणं शिकवायची. अजूनही शिकवत होती, पण गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून नुसतं तोंडी. "निषाद जरा चढा लाव." "समेची घाई कशाला, ती कुठं पळून जात नाही." स्वतः गाऊन दाखवणं बंद. आवाज गेला नव्हता, खाली उतरला होता. बोलण्यापुरता तो उत्तम होता आणि त्याचा सगळ्यांना अनुभव येत होता. पण लीला आयुष्यभर काळी पाचच्या उंच पट्टीत गायलेली. तिचा तंबोरा काळी पाचचा. त्याच्या तारा बदलायलाही ती कुणाला हात लावू देईना. त्याला गवसणी घालून तिने तो कोपऱ्यात उभा केला आणि विद्यार्थ्यांपुढे मोबाईलमधला तंबोरा ठेवला.

"पट्टी उतरव की," अप्पाजी म्हणाले. अप्पाजी म्हणजे लीलाचे वडील. जुने संगीतशिक्षक, आता ऐंशीच्या पुढे, लेकीकडेच राहणारे. कानाचं यंत्र घालायचं की काढायचं हे ते समोर कोण बोलतंय ते पाहून ठरवत.

"उतरवू? लोक म्हणतील, घरात पुरुष गातोय."

"म्हणू देत."

"तुम्हाला काय, तुम्ही यंत्र काढून ठेवाल."

विषय तिथे मिटला. आनंदाने हे सगळं जेवता जेवता ऐकलं आणि ताक मागून घेतलं. पण त्या दिवशी त्याने ठरवलं की खालच्या पट्टीचा तंबोरा आपण स्वतः बनवायचा.

तंबोऱ्यांचं मिरज काही लांब नाही. तिथून विकत आणा, असं त्याला पाच-सहा जणांनी सुचवलं, त्यातल्या दोघांनी तर तिथले ओळखीचे कारागीरही सांगितले. पण आनंदाचा हिशेब वेगळा होता. विकत आणलेली वस्तू लीला परत करायला लावते. साड्या, मिक्सर, एकदा तर सोफा. घरी बनवलेली वस्तू परत कुठे पाठवणार?

"काय करायलाय मागच्या शेडमध्ये?" लीलाने विचारलं.

"तंबोरा."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात आनंदाने फक्त राष्ट्रगीत म्हटलं होतं, तेही समूहात.

"माझ्यासाठी असेल तर नको," ती म्हणाली.

"म्हटलं ना, माझ्यासाठी."

त्यामुळे झालं असं, की घरात दोन जाणकार असताना आनंदाला एकालाही काही विचारता येईना. तो मोबाईलवरच्या व्हिडिओंना शरण गेला. व्हिडिओतले एक गुरुजी सुरुवातीलाच म्हणाले, "तानपुरे की जान है जवारी. जवारी अच्छी नहीं, तो तानपुरा मुर्दा." आनंदाने तिथेच व्हिडिओ थांबवला. पुढे ते कानस घेऊन काहीतरी घासत होते, पण त्यांचं हिंदी फार वेगात होतं. शिवाय मुख्य मुद्दा आनंदाला समजला होता.

धारवाडात जवारी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाजारात जवारी काकडी असते, जवारी मिरची असते, जवारी कोंबडी असते. हायब्रीड नव्हे ते जवारी. गावठी, अस्सल, थोडं ओबडधोबड. लीलाशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या एका आत्याने "मुलगा शिकलेला आहे, पण जरा जवारी दिसतो" असा अभिप्राय दिला होता आणि तो आनंदापर्यंत व्यवस्थित पोचवण्यात आला होता. पुढेही लीला अधूनमधून म्हणायची, "तंबोऱ्याची जवारी बिघडलीय, मिरजेला न्यायला पाहिजे." तेव्हा आनंदाला वाटायचं, असेल, गावठी भोपळ्याला शहराची हवा मानवत नसेल. आपल्या गावाहून, अळणावरहून, आल्यावर सुरुवातीला त्यालाही मानवली नव्हती.

आता अस्सल जवारी भोपळा मिळवायचा तर अळणावरलाच जायला हवं. त्याच्या थोरल्या भावाने कडू भोपळ्याचं जुनं बी कुठूनतरी पैदा केलं आणि परड्यात लावलं. एका वेलाचे भोपळे माकडांनी चाखून फेकले. उरलेल्यांतला एक मात्र असा फुगला की वहिनीने त्याच्याखाली पोतं अंथरलं. अळणावरच्या पावसात भोपळा वाळायचा कसा, म्हणून तो चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात आनंदाने तो बसमधून मांडीवर घेऊन आणला तेव्हा त्याला धुराचा वास येत होता आणि शेजारचा प्रवासी विचारत होता की हे गणपतीच्या डेकोरेशनचं आहे का.

मग पोकळ दांडी झाली, भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी तबली झाली, सरस उकळून चिकटवाचिकटव झाली. सरसाच्या वासावरून सरस्वतीअक्कांनी भिंतीपलीकडून विचारलं, "आनंदराव, काय मेलंय की ओ तुमच्याकडं?" खुंट्या बसल्या. तबलीवर तारा जिच्यावरून जातात ती घोडी त्याने हाडाची केली आणि इथे कारखान्यातली सगळी विद्या पणाला लावली. घोडीचा माथा त्याने असा सपाट केला की त्यावर काच ठेवली तर खालून उजेड येऊ नये. मग पॉलिश. मग पुन्हा पॉलिश.

तारा चढवल्या, मोबाईलवर बघून जुळवल्या, आणि पहिली तार छेडली.

टण्.

स्वच्छ, कोरडा, सरळ आवाज. कुरकुर नाही, झणझण नाही. उरलेल्या तीन तारांनीही तसंच केलं. पंप असता तर आनंदाने डोळे मिटून पास केला असता. पण डोळे मिटल्यावर त्याला जाणवलं की आपण स्टीलच्या बादलीवर टिचकी मारतोय.

तेवढ्यात अप्पाजी काठी टेकत शेडच्या दारात आले. कानात यंत्र होतं, म्हणजे त्यांना रस होता.

"पुन्हा छेडा."

आनंदाने छेडली.

"देखणा आहे," अप्पाजी म्हणाले. "जवारी नाही."

आनंदाला हे लागलं. बाकी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"अप्पाजी, अळणावरचा भोपळा आहे. आमच्या परड्यातला. जुनं बी. याहून जवारी तुम्हाला अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही."

अप्पाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता काठी पडली, आणि आवाज ऐकून लीला धावत आली. शेडमध्ये ती पहिल्यांदाच येत होती.

"काय झालं?"

"आनंदरावांनी," अप्पाजी डोळे पुसत म्हणाले, "जवारीसाठी... अगं, परड्यात वेल लावला!"

लीलाने हसू दाबलं. निदान तसा प्रयत्न केला. मग ती खाली बसली, तंबोरा मांडीवर घेतला, तार छेडली आणि घोडीवरून बोट फिरवलं.

"अहो, आरसा केलाय हिचा. तार अशी टेकून लगेच सुटून जाते. ती इथे जरा घासत, कुरकुरत गेली पाहिजे. माथ्याला किंचित उतार द्यायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. त्या कुरकुरीला जवारी म्हणतात."

"म्हणजे बिघडवायची?"

"थोडी."

"मी जन्मभर जे नापास केलं, ते इथे मुद्दाम करायचं?"

"थोडंच म्हटलं ना. नाहीतर पुन्हा उत्साहात याल."

कानस आली. आनंदा घासायचा, लीला छेडायची. "अजून." "तिकडून नको, पुढून." "बस, थांबा, थांबा म्हटलं ना!" एकदा उतार जास्त झाला आणि तार माशी अडकल्यासारखी भुणभुणली. आनंदाने सवयीने "रिजेक्ट" म्हटलं, आणि लीलानेही पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत होऊन पुन्हा घासायला लावलं. शेवटी तिने दोरा केसभर सरकवला आणि खर्जाची तार बोलली. आवाज एका जागी न थांबता उघडत गेला, त्याच्या पोटातून दुसरा स्वर निघाला, त्यातून तिसरा. आनंदाने मान वर केली. अप्पाजींनी डोळे मिटले.

लीला छेडत राहिली. मग थांबली.

"कुठल्या पट्टीत लावलाय?"

"पांढरी दोन."

"इतका खाली? का?"

आनंदाला खोटं बोलायचा सराव नव्हता. कारखान्यात तपासणीच्या तक्त्यावर आकडे लिहिणाऱ्याला तो होत नाही.

"तू बोलतेस ती पट्टी आहे. मोबाईलवर मोजली."

"मी कधी बोलले मोबाईलसमोर?"

"रागावतेस तेव्हा. तेव्हा तुझा सूर फार पक्का लागतो."

अप्पाजींचा हात यंत्राकडे गेला. लीलाने तंबोरा भिंतीला टेकवला, उठली आणि आत गेली. संध्याकाळी क्लासला मुली आल्या, मोबाईलमधला तंबोरा वाजला, "निषाद चढा" झालं. जेवताना तिने आनंदाला भात वाढला, वरण वाढलं, त्याच्याकडे बघितलं नाही.

"मोजायला नको होतं," आनंदा अप्पाजींना म्हणाला.

"मोजलंत ते ठीक," अप्पाजी म्हणाले. "सांगितलंत कशाला?"

सकाळी आनंदा शेडमध्ये गेला तर तंबोरा जागेवर नव्हता. त्याला आधी चोरी वाटली. मग आतल्या खोलीतून तारा ऐकू आल्या, आणि त्यांच्यावर एक आवाज. जड, थोडा खरखरीत. षड्जावर यायचा, हलायचा, खाली घसरायचा, पुन्हा यायचा. एकदा तर मधेच तुटला. तारा चालू राहिल्या. कारखान्यात असा आवाज त्याने तिसऱ्या सेकंदाला परत पाठवला असता. तो अंगणात पायरीवर बसला आणि हललाच नाही.

भिंतीपलीकडून सरस्वतीअक्कांनी डोकं वर काढलं.

"आनंदराव, लीलाकडं नवा विद्यार्थी आलाय काय ओ? गंडसाचा आवाज यायलाय. पुरुषाचा."

आतला आवाज थांबला. तारा वाजत होत्या, पण आवाज थांबला. आनंदा पायरीवरून उठला. लीलाला ज्या वाक्याची भीती होती ते वाक्य अक्कांनी भिंतीवरून, तिच्या खिडकीच्या बरोब्बर समोर, ठणठणीत आवाजात उच्चारलं होतं. होय म्हणावं तर ती उद्यापासून गाणार नाही. नाही म्हणावं तर अक्का पुढचा प्रश्न विचारतील. अक्का पुढचा प्रश्न नेहमी विचारतात.

खिडकीचं दार उघडलं.

"विद्यार्थी नाही, अक्का," लीला आतून म्हणाली. "मीच आहे."

"अय्य! लीला? सर्दी झाली काय ग?"

"नाही. आता आवाज असाच आहे."

अक्कांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मळमड्डीत हे क्वचितच घडतं.

"असू दे की मग," त्या म्हणाल्या. "गा की. मी कुठं थांबवलंय? मी आपली विचारायलते."

खिडकी उघडीच राहिली. लीलाने षड्ज लावला, तो जरा खाली लागला, आणि तिने तो पुन्हा लावला.