पाऊण इंची पाइप आणि चोवीस कपकेक

प्लंबरच्या हाताखालून आजवर शेकडो बाथरूम गेली होती, पण कपकेक एकही गेला नव्हता. बायको तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली आणि नेमका त्याच आठवड्यात लेकीचा, बिट्टीचा, दहावा वाढदिवस आला. नव्या शाळेतला पहिलाच. बिट्टीनं वर्गातल्या सात मैत्रिणींना बोलावून ठेवलं होतं, आणि आमच्याकडचे कपकेक चावल्याशिवाय आत काय आहे ते कळणार नाही, असं छातीठोकपणे सांगूनही टाकलं होतं.

"बेकरीतून आणू की," तो म्हणाला.

"बेकरीत असले मिळत नाहीत. आई करणार होती." आणि मग जरा थांबून, "तुला नाही जमणार बाबा, राहू दे."

तुला जमणार नाही, हे त्याला कुणी म्हटलेलं खपत नसे. ज्या गळतीपुढे बाकीच्यांनी हात टेकले, तिच्यासमोर तो दोन-दोन दिवस ठाण मांडून बसलेला होता. पण या खेपेच्या हट्टाला आणखी एक कारण होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी त्या सातजणींपैकी एकीच्या आईचा फोन आला होता. "साहेब, आमच्याकडे पाण्याला अजिबात जोर नाही हो. तुम्ही पाणी खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहात ना? बिट्टी सांगत होती. जरा बघता का?" तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवून हातातल्या पान्याकडे बघत राहिला. लेकीनं त्याला परस्पर बढती देऊन टाकली होती. राग आला असता तर परवडलं असतं, पण त्याला वाईट वाटलं. आपली लाज वाटते पोरीला, हे त्याच्या मनातून जाईना. तिला विचारायचा धीर मात्र झाला नाही. त्यानं एवढंच ठरवलं, की शनिवारी या घरात प्लंबर कुठेही दिसता कामा नये आणि कपकेकही असे व्हायला हवेत की पोरीची मान ताठ राहील.

शनिवारी सकाळी त्यानं हत्यारांची पिशवी जुन्या टॉवेलात गुंडाळली, आवाज होऊ नये म्हणून, आणि माळ्यावर सरकवली. नखं ब्रशनं घासून घासून लाल केली. मग मोठ्या बहिणीला फोन लावला. तिचा केकवर हात बसलेला होता.

"लोणी नको, तेल घाल," ताई म्हणाली. "दुधाऐवजी ताक. म्हणजे ओलसर राहतात. पीठ घातल्यावर घोटत बसू नकोस, चिवट होतात. काडी घालून बघायची, दोन-चार कण चिकटले की काढायचे बाहेर. आणि हे बघ, पूर्ण गार होऊ देत. सारणही गार. मग मधून पोकरायचं, भरायचं, झाकण लावून वर क्रीम. गार होऊ देत, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"तू नुसतं ऐकतोस. करतोस तुझंच."

सुरुवात तर झकास झाली. ओव्हनच्या काचेतून त्यानं चोवीस कपकेक एकसारखे फुगताना पाहिले आणि एकट्यानंच मान डोलावली. पोकरायच्या वेळी मात्र सुरीनं पहिल्या कपकेकची वाट लावली. तो त्यानं स्वतःच खाऊन टाकला. मग माळ्यावरचं गाठोडं पुन्हा खाली आलं. पाऊण इंची तांब्याच्या नव्या पाइपचा बोटभर तुकडा त्यानं काढला, कानशीनं कडा घासली, तुकडा उकळून घेतला. कपकेकमध्ये घालून हलकेच फिरवला की आतला गाभा अलगद निघायचा. भोक कसं, आखून घेतल्यासारखं. तेवीस भोकं पाडून झाल्यावर तुकडा पिशवीत आणि पिशवी माळ्यावर गेली.

इथवर सगळं ताईच्या सांगण्याबरहुकूम होतं. चुकला तो पुढे, आणि अशी चूक प्लंबरच करू जाणे. तांब्याचा जोड गरम असतानाच कथलाचा डाख लावायचा असतो. मग तो पातळ होऊन फटीफटीत शिरतो आणि जोड पक्का बसतो. गार जोडाला लावलेला डाख म्हणजे उद्याची तक्रार. चोवीस वर्षं तो हाताखालच्या पोरांना हेच शिकवत आला होता. ताई केकमधली जाणकार असेल, पण जोडाचं तिला काय कळतंय? त्यानं स्ट्रॉबेरीचा जॅम, चॉकलेटचं सारण आणि लिंबाचं क्रीम अशी तिन्ही पातेली चांगली कढत केली आणि कपकेकही पुन्हा ओव्हनमध्ये तापवून त्यांत काठोकाठ ओतली. वर गाभ्याच्या चकत्यांची झाकणं दाबली. थोड्या वेळानं कागदी वाट्या तळाला ओलसर लागल्या, तेव्हा तो खूशच झाला. ओलसर व्हायला हवेत, हे ताईनंच सांगितलं होतं.

चारला मुली आल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. बिट्टीनं ताट मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "आत काय आहे ते कुणी आधी बोट घालून बघायचं नाही." आठ मुलींनी एकदम चावा घेतला. प्लंबर स्वयंपाकघराच्या दारात इस्त्रीच्या शर्टात उभा होता.

"माझ्यात काहीच नाहीये," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"माझ्यातपण नुसतं भोकच आहे."

तिसरीनं आपला कपकेक उलटा करून झटकून पाहिला. बिट्टीनं स्वतःच्या कपकेकमध्ये डोकावलं आणि मग दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. गरम सारण केकनं पिऊन टाकलं, हे प्लंबरला त्या क्षणी समजलं, आणि ताईचा आवाजही कानात ऐकू आला. आता पोरीला वाचवायचं तर एकच वाट होती.

"काय करणार," तो म्हणाला, "त्या बेकरीवाल्यानं आपल्याला चक्क..."

"बेकरीतले नाहीयेत," बिट्टी म्हणाली.

बिट्टीनं कपकेक मधोमध फोडला. भोकाच्या भोवती केक लालभडक भिजला होता, तळच्या कागदापर्यंत. तिनं तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"बाबांनी केलेत. सकाळपासून करतायत ते," ती म्हणाली. "हे बघा, गळालंय." मग तिनं तो ताटात ठेवला. "आणि माझे बाबा प्लंबर आहेत."

"तू तर म्हणाली होतीस, पाणी खात्यात साहेब आहेत," वेण्यांची मुलगी म्हणाली.

"खोटं सांगितलं होतं. प्लंबर आहेत. लोकांकडचं गळणं थांबवतात आणि घरी हे."

पहिल्यांदा वेण्यांची मुलगी हसली, मग सगळ्याच. बिट्टीलाही हसू आवरेना, डोळ्यांत पाणी असताना. भिजलेला केक बाकी अफलातून लागत होता, हे एव्हाना दोघीतिघींच्या ध्यानात आलं होतं आणि त्या दुसऱ्याला हात घालत होत्या.

प्लंबर आत गेला, पातेल्यांत उरलेलं सारण बोट घालून बघितलं. गार झालं होतं.

"थोडं थोडं उरलंय," तो दारातून म्हणाला. "आता भरलं तर गळायचं नाही. पण हे झाकण नीट काढायला..."

"एवढं गोल भोक तू पाडलंस कशानं, बाबा?" बिट्टीनं विचारलं.

"पाइपनं."

"मग आण ना तो. सगळ्यांना दाखव."

त्यानं स्टूल लावलं आणि माळ्यावरची पिशवी ओढली. टॉवेल निसटून खाली पडला, पाने आणि पकडी एकमेकांवर खणखणल्या, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. टॉवेल त्यानं तिथेच राहू दिला, पिशवी खांद्याला अडकवली आणि तो मुलींमध्ये जाऊन बसला.