पाणी म्हणजे बरोबर

बाबांचं नाक गेलं त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे नाक जागेवर आहे, चांगलं धारदार आहे. वास तेवढा येईनासा झाला. एका लांबलेल्या तापातून उठले ते बाकी सगळं शाबूत घेऊन. दात स्वतःचे, मिशी तशीच, स्वभाव तर तसूभरही कमी नाही. एकदा गॅसवर दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत पेपर वाचत बसलेले बाबा म्हणाले, "आज चहाला उशीर का गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

चाळीस वर्षं या माणसाने पाइपच्या तंबाखूची मिश्रणं नाकाने जुळवली होती. सांगणार तरी कुणाला? कारखाना अकरा वर्षांपूर्वीच बंद पडला होता आणि बाबांची तिन्ही मिश्रणं त्याच्याबरोबर गेली होती. पण गेलेल्या माणसाचे गुण वाढत जातात, तसे गेलेल्या तंबाखूचेही वाढले. शौकीन लोक उरलेले सीलबंद डबे कपाटात दागिन्यांसारखे जपू लागले. आणि एक दिवस नवे मालक आमच्या दारात उभे राहिले. वय असेल पस्तीस. त्यांनी तिन्ही मिश्रणांच्या कृती विकत घेतल्या होत्या. नवी कंपनी, नवं नाव, नवा पांढरा डबा. डब्यावर बाबांचा फोटो आणि खाली ओळ: 'त्याच नाकाने पारखलेलं.'

"काका, तुम्ही बरोबर म्हटल्याशिवाय एक डबा बाहेर पडणार नाही."

आता हे नाही म्हणतील, असं मला वाटलं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "मुलगी सोबत येईल. मला आधार लागतो."

आधार! रोज तीन जिने उतरून पेपर आणणारा माणूस.

माझं बालपण त्यांच्या टेबलाखाली गेलं. शाळा सुटली की मी मिश्रणाच्या खोलीत. बाबा माझे डोळे तळहाताने झाकायचे, नाकाशी पान धरायचे, "ओळख." मला पाढ्यांच्या आधी पानं यायला लागली. म्हणून आमचं ठरलं ते असं. बाबा डबा उघडणार, हुंगणार, मधेच स्वतःची बाही हुंगून नाक साफ करणार, ही त्यांची जुनी सवय. मग चिमूटभर तंबाखू चुरून "धर जरा" म्हणत माझ्या हातात देणार आणि चष्मा पुसत बसणार. बरोबर असेल तर मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवायचा. चूक असेल तर त्यांचा मफलर नीट करायचा.

पहिली दोन मिश्रणं अशी पाणी पिऊन पार पडली. तिसरं अडलं. तेच बाबांचं सगळ्यात लाडकं, जड, संध्याकाळी ओढायचं. तीन नमुने आले, तीनदा मी मफलर नीट केला.

"काका, तो मफलर काढाच," मालक म्हणाले, "ताईंना फार छळतो."

याच दिवसांत मला पत्र आलं. मी घरी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. शिवण उसवलेली, पाठ निघालेली. दुसऱ्या गावच्या एका मोठ्या वाचनालयाला त्या कामासाठी कायमचं माणूस हवं होतं. राहायला मागे एक खोली, तिला पूर्वेची खिडकी. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी फक्त मला बोलावलं होतं. कुणाची मुलगी म्हणून नाही, कुणाची आत्या म्हणून नाही. उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं होतं.

बाबांना मी सांगितलं नव्हतं. भावजयीला सांगितलं.

"तिसरं एकदा संपू दे ताई, मग आम्ही बाबांना आमच्याकडे नेतो," ती म्हणाली. "पण मधेच सोडून कशा जाल? बाहेरच्यांपुढे त्यांना आधार चालतो तो तुमचाच. आम्ही हात धरला तर खेकसतात."

तिचं चूक नव्हतं. मालकही म्हणालेच होते, तिन्ही ठरली की पुढची पारख यंत्र करेल. म्हणजे माझ्या आणि त्या खिडकीच्या मधे उरला होता एक ग्लास पाणी.

चौथा नमुना शुक्रवारी आला. नेहमीची खोली: लांब टेबल, उघडत नाही अशी काचेची खिडकी, भिंतीवर बाबांचा मोठा फोटो. फोटोतले बाबा खुर्चीतल्या बाबांपेक्षा जास्त मोकळे दिसत होते. पर्स माझ्या मांडीवर, पर्समध्ये पत्र.

"धर जरा."

मी हुंगलं. पानं बरोबर होती, मुरणंही बरोबर. आणि तेव्हाच मला कळलं काय कमी आहे ते. पाक फार स्वच्छ होता. जुन्या कारखान्यातली कढई एका बाजूने पातळ होती, तिथे साखरेचा पाक दरवेळी जरासा लागायचा. बाबा तिला शिव्या घालायचे आणि शेवटी त्यांनी सगळं मिश्रण त्या करपण्याभोवतीच बसवलं. कृतीच्या कागदावर साखरेचं वजन होतं. कढई नव्हती.

हे सांगायचं म्हणजे आणखी एक नमुना. मुरायला सहा आठवडे. आणि उद्या शनिवार.

मी ग्लास सरकवला.

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं. उचलला नाही. चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"काय काका, जमलं?" मालक पुढे सरकले.

"नाही," बाबा म्हणाले. "बरोबर असलं की ही डोळे मिटते. लहानपणापासून. आज मिटले नाहीत."

"ताईंच्या डोळ्यांचं काय?"

"मला तीन वर्षं कशाचाच वास येत नाही, साहेब. आधीची दोन हिने पास केली. माझ्या चेहऱ्याखाली चुकीचा माल जायला नको. विचारा तिला."

मालक माझ्याकडे वळले. मला म्हणता आलं असतं, अहो, बरोबरच आहे. म्हणता आलं असतं, मला काही कळत नाही. पण बाबा माझ्याकडे तसेच पाहत होते, 'ओळख' म्हणून तळहात काढल्यावर पाहायचे तसे.

"पाक," मी म्हणाले. "पाक बुडाला लागायला हवा. थोडा. एकाच बाजूने."

"ती कढई!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "ती भवानी कढई! ऐकलंत?" त्यांचे डोळे भरून आले.

मालक चिडले असते तर मी सुटले असते. ते हसले. वडिलांकडून मुलीकडे आलेलं नाक, याहून चांगली जाहिरात त्यांना कुठून मिळणार? यंत्र राहू दे म्हणाले. आता प्रत्येक घाणा मीच पारखायचा, डब्यावर दोघांचा फोटो, करार पाच वर्षांचा. "काय ताई?"

"करेल," बाबा म्हणाले. "ती नाही म्हणायची नाही."

आणि खरंच, मी 'नाही' म्हणाले नाही.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "पाणी का सरकवलंस गं?"

"चुकून."

"दमली असशील. चुकतं माणसाचं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "पण मी काय अगदीच वाया गेलेलो नाही हं. पकडलं की नाही?"

"पकडलंत."

घरी आल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं. स्वतः स्वयंपाकघरात गेले, भांड्यांची बरीच आदळआपट झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आले. अर्धं वाटेत सांडलं होतं.

"घे. आज अगदी बरोबर केलंस."

पर्स अजून मांडीवरच होती. मी ग्लास घेतला आणि डोळे उघडे ठेवून सगळं पाणी प्याले.