रांगेतल्या चपला

सरपंचपदाचं मतदान होतं आणि बायांची रांग शाळेच्या फाटकाला टेकली होती. वलगावच्या रस्त्यावरचं आमचं एवढंसं गाव, पण त्या दिवशी घरात कुणी राहिलंच नसावं. माझी धाकटी जाऊ दामिनी निवडणुकीला उभी होती. समोरचा तालेवार. आमच्या माळ्यांच्या गल्लीतल्या बायांची मतं पडली नाहीत, तर तिचा निकाल लागलेलाच.

आणि बाया कुठे? पहाटेपासून मेथी खुडून दमलेल्या. नळावर जशा गुंड-कळशा लावून सावलीत बसतात, तशाच इथेही चपला रांगेत मांडून फाटकाबाहेर निंबाखाली बसल्या. हुकूम माझ्या सासूबाईंचा, म्हणजे माणिकबाईंचा. "रूपाली, तू तरणी हायेस. चपला सरकवत राय. नंबर आला का आवाज दे."

दुपारभर मी पायानं चपला ढकलत होते. डोकं नुसतं भणभणत होतं. मागची म्हणाली, "काहून वं, चपलाइले बी मत हाये का?" मी तिच्याकडे डोळे वटारले आणि पुढची चप्पल सरकवली.

साडेपाचला मतदानाची वेळ संपली आणि शिपाई फाटकाकडे निघाला. "आत हाये त्याइलेच चिठ्ठी भेटन. बाहेरचे बाहेर!"

मोबाईल दारातच काढून घेतलेला. मी हाका मारल्या, पण निंबाखाली गप्पा रंगल्या होत्या. शेवटी रांग सोडून धावले, एकेकीला दंडाला धरून उठवलं. "गेट लावून राहिले! पया!" बाया अनवाणी सुटल्या. सत्यवतीकाकूंचा गुडघा धरलेला, त्यांना मी जवळजवळ उचलूनच आत लोटलं. आणि माझ्या तोंडावर फाटक लागलं.

"मी दिवसभर रांगेत होती!"

"होत्या," शिपाई म्हणाला. "आता नाही ना."

मला रडू फुटलं, रागाचंच.

थोड्या वेळानं माणिकबाई फाटकाशी आल्या. हातातली चिठ्ठी त्यांनी गजांतून माझ्यापुढे धरली. "हे घे. तू टाक मत. दिवसभर तूच उभी होती."

"आजी, तसं चालत नाही," शिपाई म्हणाला. त्या ऐकेनात. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं मला चहाचा कपसुद्धा सुखानं दिला नव्हता.

मी त्यांची मूठ मिटवून गजाआड ढकलली आणि ओरडले, "जा आत्याबाई! दामिनीचं एक मत गेलं. तुमचं नोका घालवू!"